फुजी का तरली, हे नीट सांगा

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आपल्याकडे सध्या जी चर्चा चालली आहे, तिच्यात कोडॅकचं नाव हटकून येतं. उद्योजकांचे मेळावे, कॉलेजांतली व्याख्यानं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निरोप, सगळीकडे गोष्ट एकच. कोडॅकनं डिजिटल ओळखलं नाही म्हणून ती बुडाली, फुजीनं ओळखलं म्हणून ती तरली, तेव्हा जुनं टाका आणि नवं धरा. गोष्टीच्या शेवटी बोट ऐकणाऱ्याकडे वळतं. पन्नाशीतला टर्नर असो, मुद्रितशोधक असो की बँकेतला कारकून, तू आजवर जे शिकलास ते आता कामाचं नाही, असं त्याला सांगितलं जातं. फुजीचा इतिहास मला याच्या अगदी उलट दिसतो. फुजीफिल्मनं जुनं ज्ञान फेकलं नाही. ते तिनं इतकं बारकाईनं तपासलं की फिल्मचा धंदा गेल्यावरही ते कामी आलं. त्यासाठी तिच्या हाताशी पैसा होता, वेळ होता आणि थोडं नशीबही होतं. हे सगळं गाळून सांगितलेली गोष्ट खोटी आहे, आणि तिच्या आधारावर माणसांना दिलेला सल्ला घातक आहे.

आधी त्या निरोपातले आकडे पाहू. १९९८ साली कोडॅककडे १,७०,००० कर्मचारी होते आणि जगातला ८५ टक्के फोटोपेपर तीच विकत होती, असं त्यात असतं. कोडॅकची कर्मचारीसंख्या सर्वांत जास्त होती ती १९८८ च्या सुमारास, आणि तेव्हाही ती १,४५,००० च्या आसपास होती. १९९८ पर्यंत ती लाखाच्या खाली आली होती. आणि ८५ टक्के? त्या वर्षी आपापल्या गावातल्या कलर लॅबवर कोणत्या पाट्या होत्या ते आठवा. पिवळी कोडॅकची, हिरवी फुजीची, शिवाय कोनिका आणि आग्फा. ३६ चा रोल धुवायला टाकताना कॉपी कोणत्या पेपरवर काढायच्या, यावर दुकानात चर्चा व्हायची. खुद्द जपानच्या बाजारात फुजीचा वाटा ७० टक्क्यांच्या घरात होता. चार मोठे स्पर्धक असलेला धंदा एकाच कंपनीचा म्हणून सांगितला की उरलेल्या तिघांचं काय झालं हा प्रश्नच पडत नाही. खरी माहिती मात्र त्या तिघांच्या इतिहासातच आहे.

डिजिटल ओळखलं नाही, हा आरोप तर टिकतच नाही. हातात धरता येईल असा पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकच्याच प्रयोगशाळेत स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्यानं बनवला. १९९१ साली निकॉनच्या बॉडीवर बसवलेला व्यावसायिक डिजिटल कॅमेरा कोडॅकनं बाजारात आणला. २००५ च्या सुमारास अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत ती पहिल्या क्रमांकावर होती. फुजीही मागे नव्हती. मेमरी कार्डावर चित्र साठवणारा डीएस-१पी हा कॅमेरा तिनं १९८८ साली दाखवला आणि एक्स-रे संगणकावर वाचण्याची यंत्रणा त्याच्याही आधी, १९८३ साली विकायला काढली. म्हणजे दोघींनाही येणारं वादळ वीस-वीस वर्षं आधी दिसत होतं. मग डिजिटल कॅमेऱ्यांनी फुजीला वाचवलं का? तेही नाही. त्या धंद्यात नफा पातळ होता, आणि मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यावर तोही आटला. नव्या तंत्रावर उडी मारणारे सगळे वाचले असते तर २००५ चा पहिला क्रमांक २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या कोर्टात उभा राहिला नसता.

कोडॅक फक्त फिल्मला चिकटून बसली, असंही म्हणतात. हेही खरं नाही. १९८८ साली तिनं स्टर्लिंग ड्रग ही औषध कंपनी पाच अब्ज डॉलरहून अधिक मोजून घेतली. जमलं नाही, कर्ज वाढलं आणि १९९४ मध्ये ती विकून टाकली. त्याच वर्षी तिनं ईस्टमन केमिकल ही आपली रसायनशाखा वेगळी काढली. टेनेसी राज्यात १९२० साली ही शाखा उभी राहिली होती ती कोडॅकला लागणारी रसायनं पुरवायला. फिल्मच्या बेससाठी लागणारं सेल्युलोज अ‍ॅसिटेट तिथं तयार व्हायचं. पुढे २००७ मध्ये वैद्यकीय प्रतिमांचा विभागही विकला. रसायन गेलं, एक्स-रे गेला, आणि प्रिंटर व कॅमेरे विकणारी कंपनी उरली. ईस्टमन केमिकल आजही जगातल्या मोठ्या रसायन कंपन्यांपैकी एक आहे. कोडॅकचा जो भाग तिच्या मूळ विद्येवर उभा होता तो दुसऱ्या छपराखाली सुखरूप जगला, आणि ज्या भागानं नव्याची कास धरली तो कोसळला. व्याख्यानांतून हे का सांगितलं जात नाही?

आता फुजीकडे येऊ. तिचा जन्मच जुन्या ज्ञानाच्या पोटी झाला. दाइनिप्पॉन सेल्युलॉइड ही कंपनी १९१९ साली अनेक छोट्या सेल्युलॉइड कारखान्यांच्या एकत्रीकरणातून निघाली होती. सेल्युलॉइडला कापूर लागतो, तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होता, आणि तिथल्या कापरावर कंगवे, खेळणी, चष्म्याच्या फ्रेमी असा माल जपानमध्ये मुबलक तयार व्हायचा. पण सिनेमाची फिल्मही मुळात सेल्युलॉइडच. मग ती परदेशातून का आणायची? या विचारातून १९३४ साली फुजी फोटो फिल्म ही वेगळी कंपनी निघाली. हाकोने डोंगरांच्या पायथ्याशी आशिगारा इथं कारखाना काढला, कारण फिल्मला स्वच्छ पाणी आणि धूळमुक्त हवा भरपूर लागते. सुरुवातीचा माल कच्चा होता, चित्रपटवाले तो घ्यायला तयार नव्हते, सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले. १९५१ मध्ये जपानचा पहिला रंगीत कथापट फुजीच्या फिल्मवर चित्रित झाला तेव्हाही स्टुडिओला तिचा पूर्ण भरवसा नव्हता. तोच चित्रपट कृष्णधवल फिल्मवरही स्वतंत्रपणे चित्रित करून ठेवला होता. तिथून १९७६ मध्ये जगातली पहिली ४०० वेगाची, म्हणजे कमी उजेडातही चित्र टिपणारी, रंगीत निगेटिव्ह फिल्म आणि १९९० मध्ये निसर्ग टिपणाऱ्यांनी डोक्यावर घेतलेली वेल्व्हिया, इथपर्यंतची वाट चाळीस वर्षांची आहे.

या वाटेवर नेमकं काय साठत गेलं, ते पाहायला रोल जरा उलगडावा लागेल. रंगीत फिल्मवर वीसेक थर असतात आणि सगळे मिळून केसाच्या जाडीपेक्षा कमी भरतात. प्रत्येक थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण, रंगद्रव्यं, ऑक्सिडीकरण रोखणारे पदार्थ, आणि हे सगळं धरून ठेवणारं जिलेटिन. हे थर एकमेकांत न मिसळता, मैलोन्‌मैल पट्टीवर, मिट्ट काळोखात, एकसारख्या जाडीनं चढवायचे. एक बुडबुडा आला की तेवढी फिल्म बाद. जिलेटिन येतं जनावरांच्या हाडांतून आणि कातड्यातून, आणि ते किती लहरी असतं याचा एक जुना किस्सा आहे. १९२० च्या दशकात कोडॅकचा शास्त्रज्ञ सॅम्युअल शेपर्ड यानं शोधून काढलं की काही जिलेटिन प्रकाशाला जास्त संवेदनशील फिल्म देतं ते गाईंच्या चाऱ्यात आलेल्या मोहरीच्या कुळातल्या वनस्पतींमधल्या गंधकाच्या अंशामुळे. गाईनं काय खाल्लं त्यावर फिल्मचा वेग ठरत होता. अशी विद्या पुस्तकातून पुरती येत नाही. ती कारखान्याच्या प्रयोगशाळेत आणि कामगारांच्या हातात साठत जाते.

२००० साली फिल्मची जागतिक मागणी शिखरावर होती आणि फुजीचा सुमारे दोन तृतीयांश नफा फोटोच्या धंद्यातून येत होता. पुढच्या दहा वर्षांत ती मागणी एक दशांशाहूनही खाली आली. २००३ मध्ये सूत्रं हाती घेतलेल्या शिगेताका कोमोरी यांनी आपल्या तंत्रज्ञांना पहिलं काम दिलं ते मोजदादीचं. आपल्याला काय काय येतं आणि ते आणखी कुठे चालेल, हे लिहून काढायचं. त्यातून जे सापडलं त्यात सर्वांत मोलाची होती फिल्मच्या तळाची पारदर्शक पट्टी. तिचं नाव ट्रायअ‍ॅसिटिल सेल्युलोज. पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या जागी ही सुरक्षित पट्टी विसाव्या शतकाच्या मध्यावर आली होती. एलसीडी पडद्यात प्रकाशाला एका दिशेला लावणारा एक पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संरक्षक पट्टी लागते. ती काचेसारखी स्वच्छ हवी, सपाट हवी, आणि आतून जाणाऱ्या प्रकाशाची दिशा तिनं बदलता कामा नये. पन्नास वर्षं फुजी हेच तर बनवत होती. कुमामोतो प्रांतात तिनं यासाठी नवे कारखाने काढले. २००५ नंतर आपल्या घरात आलेल्या सपाट टीव्हींमध्ये ही पट्टी आहे.

फुजीची गोष्ट सांगताना त्वचेच्या क्रीमचा उल्लेख सगळे करतात, कारण तो गमतीचा वाटतो. जिलेटिन म्हणजे कोलॅजनच, फोटो फिका पडतो तो ऑक्सिडीकरणानं आणि त्वचा म्हातारी होते तीही त्यानंच, असा कंपनीचा दावा. २००७ मध्ये आलेलं अ‍ॅस्टालिफ्ट हे सौंदर्यप्रसाधन चाललंही. पण कंपनी तगली ती क्रीमवर नाही. पडद्यांच्या पट्ट्या, रुग्णालयांतली यंत्रं आणि कार्यालयांतले कॉपिअर यांच्यावर ती तगली. क्रीमची गोष्ट रंगवणारे या कंटाळवाण्या आणि निर्णायक भागाला हातच लावत नाहीत.

याचा ताळा पाहायचा असेल तर फुजीच्याच शेजारी उभ्या असलेल्या जुन्या स्पर्धकाकडे पाहावं. कोनिशी या दुकानानं १८७३ मध्ये टोकियोत फोटोचं साहित्य विकायला सुरुवात केली, म्हणजे फुजीच्या साठ वर्षं आधी. साकुरा ही जपानची पहिली मोठी फिल्म त्यांचीच, आणि जपानमधली पहिली रंगीत फिल्मही १९४० मध्ये त्यांनीच काढली. १९८७ मध्ये कंपनीचं नाव कोनिका झालं, २००३ मध्ये ती मिनोल्टात विलीन झाली, आणि २००६ मध्ये फिल्म, पेपर, कॅमेरे सगळ्यातून बाहेर पडल्याची घोषणा झाली. म्हणजे ती संपली का? नाही. कॉपिअर तर होतेच, पण एलसीडीसाठी ट्रायअ‍ॅसिटिल सेल्युलोजची पट्टी बनवणारी जगातली दुसरी मोठी कंपनी कोनिका मिनोल्टाच ठरली. दोन जपानी फिल्म कंपन्या, दोघींचे स्वभाव वेगळे, निर्णय वेगळे, आणि दोघींनाही आधार मिळाला तो फिल्मच्या त्याच तळपट्टीचा. चौथी कंपनी आग्फा. तिच्या मालकांनी २००४ च्या अखेरीस फिल्मचा विभाग वेगळी कंपनी करून विकला, आणि सहा-सात महिन्यांत तो दिवाळखोरीत गेला. बाकीच्या उद्योगापासून तोडलेली फिल्म एक वर्षही तगली नाही.

माझ्या म्हणण्याला भक्कम आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. पहिला नशिबाचा. फिल्म कोसळत असतानाच सपाट पडद्यांची मागणी उसळली, हे कुणी ठरवून घडवलेलं नव्हतं. मान्य. दुसरा पैशाचा. फुजी झेरॉक्स ही भागीदारी १९६२ पासून होती, २००१ मध्ये फुजीनं तिचा हिस्सा ७५ टक्क्यांवर नेला, आणि कॉपिअरच्या पैशांतून वाईट वर्षं निघाली. शिवाय जपानचा बाजार आयातकरानं दशकानुदशकं राखलेला होता. फुजीनं जपानी वितरणाची दारं बंद ठेवली, अशी तक्रार कोडॅकनं १९९५ मध्ये केली, प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत गेलं आणि १९९८ मध्ये अमेरिकेचा दावा फेटाळला गेला. तरी घरच्या मैदानाचा फायदा फुजीला मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिसरा आक्षेप असा की सगळंच काही जुन्या विद्येतून आलं नाही. २००८ मध्ये घेतलेली तोयामा केमिकल ही औषध कंपनी तिनं सरळ विकत घेतली होती. तिचं फॅविपिराविर हे औषध २०२० च्या कोविडकाळात मुंबईच्या ग्लेनमार्कनं फॅबिफ्लू या नावानं भारतात आणलं आणि आपल्याकडे घरोघरी पोचलं. कोविडवर त्याचा ठोस उपयोग पुढे सिद्ध झाला नाही, तो भाग वेगळा. चौथा आणि मला सर्वांत जड वाटणारा आक्षेप माणसांचा. २००६ मध्ये फुजीनं फोटो विभागातल्या ५,००० जागा कमी करायचं जाहीर केलं. ज्ञान वाचलं म्हणताना ते ज्यांच्या हातात होतं त्यांतले हजारो घरी गेले.

पण हे आक्षेप कोणाच्या विरोधात जातात ते पाहा. नशीब आणि पैसा लागला, हे खरं असेल तर कोडॅकच्या कामगाराला ‘तू बदलला नाहीस’ म्हणण्याचा अधिकार आणखी कमी होतो. नशिबाचंही असं आहे की पडद्यांची लाट जगातल्या सगळ्यांसाठी आली होती, आणि तिच्यावर स्वार होता आलं ते ज्यांच्याकडे पट्टी ओतायची यंत्रं आणि माणसं शिल्लक होती त्यांना. ही यंत्रं मोडीत काढली असती तर लाट आली काय आणि गेली काय. आणि ५,००० जागांची गोष्ट तर मी स्वतःहून मांडेन, कारण फुजीची स्तुती करणारे ती एका वाक्यात उरकतात. २०११ च्या त्सुनामीनंतर चिखलात सापडलेले कौटुंबिक फोटो वाचवायचं काम फुजीनं हाती घेतलं. आशिगाराच्या कारखान्यात कर्मचारी आणि स्वयंसेवकांनी एकेक फोटो पाण्यात बुडवून मऊ ब्रशनं साफ केला. ओल्या जिलेटिनवर जीवाणू वाढले की चित्र विरघळतं, म्हणून किती वेळ भिजवायचं, कुठे थांबायचं, हे कळणारी माणसं लागत होती. ती होती, म्हणून ते झालं. कंपनीनं आणखी थोडा नफा सोडून आणखी काही माणसं ठेवली असती तर चुकलं असतं, असं मला वाटत नाही.

फिल्मप्रेमींचा रागही समजण्यासारखा आहे. फुजीनं चित्रीकरणाची सिने फिल्म २०१३ मध्ये बंद केली, एकेक रोल बाजारातून काढला, आणि दिवाळखोरीतून उठलेली कोडॅक मात्र रोचेस्टरमध्ये अजून सिने फिल्म बनवते. फिल्म कोणी जपली हा प्रश्न असेल तर उत्तर कोडॅक असं येईल. दुसरीकडे फुजीचा इन्स्टॅक्स हा झटपट फोटोचा कॅमेरा १९९८ मध्ये आला, काही वर्षांत जवळजवळ मेला, आणि २०१८-१९ या आर्थिक वर्षात एक कोटींवर विकला गेला. तोही चांदी, जिलेटिन आणि थरांचाच खेळ. २००४ च्या आसपास विक्री गळाली होती तेव्हा ‘जुनं टाका’ हा सल्ला ऐकून ती उत्पादनरेषा उखडली असती तर हे दिवस आले नसते.

आपल्याकडेही एक फिल्मचा कारखाना होता, आणि त्याची आठवण या चर्चेत कुणी काढत नाही. केंद्र सरकारनं १९६० साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स स्थापन केली, फ्रान्सच्या बोशे कंपनीचं तंत्रज्ञान घेतलं आणि १९६७ पासून ‘इंदू’ या नावानं फिल्म आणि एक्स-रे फिल्म तयार होऊ लागली. थंड, स्वच्छ डोंगराळ जागा निवडण्यामागे आशिगाराचंच कारण होतं. आयात खुली झाली, कर्जाचं ओझं वाढलं, १९९० च्या दशकात ती आजारी उद्योगांच्या यादीत गेली आणि पुढची वीस वर्षं तिच्यावर चर्चा झाली ती तोटा किती आणि स्वेच्छानिवृत्तीचे पैसे किती एवढीच. काळोखात थर चढवता येणारी माणसं देशात दुसरीकडे कुठे होती? पडदे, बॅटऱ्या, औषधी पट्ट्या, सौरपत्रे या सगळ्यांना पातळ लेप लागतो. उटीत जे कौशल्य आहे ते यातल्या कशाला चालेल, हा प्रश्न सरकारनं किंवा बाहेरच्या कुण्या उद्योगानं गंभीरपणे विचारला असता तर कारखाना वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. पण माणसांची विद्या तरी भंगारात गेली नसती.

आता तीच गोष्ट कोल्हापूर आणि पुण्याच्या दाराशी आली आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, पिंपरी आणि चाकणचे छोटे कारखाने इंजिनांचे भाग बनवतात. विजेच्या गाडीला ना सिलिंडर ब्लॉक लागतो ना क्रँकशाफ्ट. त्या कारखानदाराला सभांमधून ‘कोडॅक होऊ नका’ सांगितलं जातं, जणू त्यानं उद्या सकाळी बॅटरी बनवायला घ्यावी. चाळीस माणसांच्या कारखान्यामागे झेरॉक्स नाही आणि राखलेला बाजार नाही. त्याच्याकडे फुजीसारखं एकच आहे, ते म्हणजे कामाची अंगात मुरलेली विद्या. वाळूचा साचा किती ओला हवा, कोणत्या मिश्रधातूचा ओघ कुठे अडतो, शंभरातल्या कोणत्या नगात पोकळी राहणार, हे तिथल्या माणसांना कळतं. पंपांना, रेल्वेला, पवनचक्क्यांना, संरक्षणाच्या सामानाला, खुद्द विजेच्या गाडीच्या मोटरच्या आवरणालाही ओतकाम लागतंच. कोणता कारखाना यातलं काय करू शकतो याची नोंद उद्योजक संघटनांनी, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि राज्य सरकारनं मिळून करायला हवी, आणि इंजिनांच्या ऑर्डरी चालू आहेत, पगार निघताहेत, जुने कारागीर कामावर आहेत तोवरच ती होऊ शकते. त्या नोंदीला धरून नमुने पाडायला, चाचण्या करायला आणि पहिली दोन-तीन वर्षं तोटा सोसायला कर्ज मिळालं पाहिजे. विजेच्या वाहनांच्या धोरणात खरेदीदाराला अनुदान देताना आणि नव्या कारखान्याला सवलत देताना या रकमेचा रकाना असावा, एवढी मागणी कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात मांडावी.